हवा तोलता न येणारा कार्बोरेटर

भालकीजवळच्या एका वाचकांनी विचारलंय: मुंबईहून आणलेली वडिलांची पद्मिनी इथे उन्हाळ्यात प्लग काळे करायची. आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तर थंडीत पिकअप घेताना अडखळते. मेकॅनिक दर खेपेला स्क्रू फिरवतो. दोष कुणाचा?

हवेचा. आणि थोडा पेट्रोलचा.

डास मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवा. दांडा दामटला की बारीक नळीच्या तोंडावरून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि डब्यातलं औषध वर चढून त्याचा फवारा होतो. कार्बोरेटर म्हणजे हाच पंप, फक्त इथे पिस्टन हवा ढकलत नाही, ओढतो. या फवाऱ्याचं श्रेय सहसा जर्मन अभियंता मायबाखला मिळतं. पण बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो फेब्रुवारी 1893 मध्ये, मायबाखच्या काही महिने आधी. रस्त्यावरची एक फुलवाली नळीतून फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून कल्पना सुचली म्हणे. दंतकथाही असेल. पण हंगेरीबाहेर या दोघांनाच कुणी ओळखत नाही, तिथे त्या फुलवालीला कोण विचारतो!

अडचण अशी की हा फवारा हवेच्या ओढीवर चालतो, तिचं वजन त्याला कळत नाही. जळण्याचा हिशेब मात्र वजनाचा: एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा. कुर्ल्यात, समुद्रसपाटीजवळ बनलेली ही गाडी बिदरच्या पठारावर सहाशे मीटरहून उंच आली की हवा सुमारे सहा टक्के विरळ होते. कलबुर्गीची गंमत तर याहून मोठी. जानेवारीतली 15 अंशांची पहाट आणि मे महिन्यातली 42 अंशांची दुपार यांत हवा जवळपास नऊ टक्के हलकी होते. गाडी अंगणातच उभी, आणि मुंबई-बिदरपेक्षा मोठी चढण चढून मोकळी! हवा घटते तसं पेट्रोलही घटतं, पण निम्म्यानेच. म्हणून मिश्रण चारेक टक्के रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, आणि प्लग काळे. पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे जेट झिजलेले असले तर आणखीच.

इथेनॉलचं उलटं. त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे किलोमागे नऊ किलो हवा पुरते. 20 टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेटचं भोक मात्र जुनंच, त्यामुळे मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. मे महिन्यात ऊन आणि इथेनॉल एकमेकांना सांभाळून घेतात. थंडीत दाट हवा आणि इथेनॉल दोन्ही एकाच बाजूला ओढतात, म्हणून अडखळणं.

आता स्क्रूचं. इंजिन गरम करा, मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, दीड आटा बाहेर काढा, मग इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं वाजेल तिथे ठेवून आयडलिंग उतरवा. पण या स्क्रूचा अंमल उभ्या गाडीपुरता. हुमनाबादच्या रस्त्यावर वेग घेतल्यावर राज्य मेन जेटचं. तो एक नंबर मोठा घालून, थोडं पळवून प्लगचा रंग पाहा. बिस्किटी हवा. पेट्रोलच्या नळीवर लावायची ‘मायलेज वाढवणारी’ लोहचुंबकं मात्र फ्रीजच्या दारावर शोभतील.

आणि या सगळ्याआधी गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं, आणि गळणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं.