खड्यांचं जोतं

मुंबईच्या राणीच्या बागेत काचेपलीकडे दिसणारे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फाशी त्यांचं काही नातं नाही. बर्फाच्या मुलखातला पेंग्विन अंड्यांवर बसलेला पाहायचा, तर गूडिये बेटासारख्या ठिकाणी जावं लागतं.

अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून निघालेलं जहाज ड्रेक सामुद्रधुनीत दोन दिवस हेलकावे खातं, तेव्हा कुठे अंटार्क्टिक द्वीपकल्प येतं. त्याच्या पश्चिमेला पोर्ट लॉकरॉयच्या खाडीत हे खडकाळ बेट आहे, जेमतेम फुटबॉलच्या मैदानाएवढं. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी इथे ठाणं उभारलं आणि १९६२ मध्ये सोडून दिलं. १९९६ मध्ये त्याची डागडुजी झाली. आता उन्हाळ्यात तिथे संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस चालतं. बाकी बेट गेंटू पेंग्विनांचं.

नोव्हेंबरात यांची बांधकामं जोरात असतात. नर चोचीत एक खडा धरून डुलत डुलत येतो, मादीपुढे वाकतो आणि तो तिच्या पायाशी ठेवतो. ती खडा उचलून कडेला नीट बसवते. तेवढ्यात मागून शेजारी मान लांब करतो आणि दुसऱ्या बाजूचा खडा पळवतो!

एवढी मारामारी कशासाठी? उबेसाठी नव्हे. ऊब मिळते ती पोटाखालच्या पिसं नसलेल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कातडीतून. आई-बाप आळीपाळीने सुमारे पाच आठवडे दोन अंडी तिच्याखाली धरून बसतात. खडे लागतात ते पाण्यामुळे. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, सगळीकडे चिखल होतो आणि त्यात अंडं भिजून गारठलं की आतला जीव गेलाच. खड्यांच्या ढिगात पाणी साचत नाही. कोकणात पावसाच्या भीतीने घराचं जोतं उंच घेतात, तसंच हे.

हवा तापू लागल्यावर या जोत्याची परीक्षा वाढली आहे. उबदार हवेत बाष्प जास्त, म्हणून हिमवर्षावही जास्त होऊ शकतो. मग घरट्यासाठी मोकळी जमीन उशिरा मिळते. गेंटू त्यातल्या त्यात जुळवून घेतो. पहिली अंडी गेली तर तो पुन्हा घालू शकतो. म्हणून तो दक्षिणेकडे पसरतो आहे, तर या भागातला त्याचा भाऊबंद अ‍ॅडेली घटतो आहे.

आणि आपण, पाहुणे? बेटाचा काही भाग पर्यटकांना बंद ठेवून दोन्हीकडच्या घरट्यांची वर्षानुवर्षं मोजणी झाली. माणसांच्या वावरापेक्षा हवामान आणि समुद्रातल्या परिस्थितीचा परिणाम मोठा दिसला. अर्थात हे पाहुणे नियम पाळणारे होते: बूट धुऊन उतरायचं, पाच मीटर लांब राहायचं, पेंग्विन वाटेत आला तर थांबून त्याला आधी जाऊ द्यायचं.

आणखी एक नियम आहे: आठवण म्हणून तिथला दगड आणायचा नाही. आपल्या खिशात तो नुसता खडा. तिथे ते कुणाचं तरी जोतं आहे.