दार गेले, किल्ली राहिली

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या माउंट व्हर्नन इथे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे घर आहे. तिथल्या मधल्या दालनात, भिंतीवरच्या पेटीत एक ओबडधोबड लोखंडी किल्ली जपून ठेवली आहे. ती पॅरिसच्या बास्तील तुरुंगाची. १७८९मध्ये क्रांतिकारकांनी हा तुरुंग जिंकला आणि पुढच्याच वर्षी सेनानी लाफायेत यांनी लेखक थॉमस पेन यांच्यामार्फत ती वॉशिंग्टनना भेट म्हणून धाडली. बास्तीलची इमारत जमीनदोस्त झाली. किल्ली मात्र आजही त्या घराची शोभा आहे.

जुन्या किल्लीचे देखणेपण गरजेतून आले. जुन्या कुलपांच्या पोटात आडकाठ्या बसवलेल्या असत आणि त्या चुकवून फिरतील असेच किल्लीचे दात कापलेले असत. दारे जाड, म्हणून दांडा लांब. जड खटका सरकवायला जोर लागे, म्हणून धरायचे कडे मोठे. कारागिराची सारी हौस या कड्यावर उतरली. कुठे वेलबुट्टी, कुठे बदामाचा आकार, कुठे जाळीकाम.

१८६१मध्ये लिनस येल (धाकटे) यांनी खिट्ट्यांच्या सुधारित कुलपाचे पेटंट घेतले. अशा कुलपांना छोटी, चपटी किल्ली पुरू लागली आणि नक्षीला जागाच उरली नाही.

जुन्या कारागिरीची श्रीमंती पाहायची तर फ्रान्समधल्या रूअँ शहरात जावे. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये १९२१पासून ल सेक दे तूर्नेल हे लोहकामाचे संग्रहालय आहे आणि त्यात कुलूप-किल्ल्यांचा मोठा संग्रह आहे.

आपल्याकडेही हा वारसा तोलामोलाचा आहे. अलीगढ कुलपांसाठी प्रसिद्ध आहे, तर तमिळनाडूतल्या दिंडिगलच्या कुलपांना २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७मध्ये कुलपांचा कारखाना काढला. मराठी घरांत कोठीच्या आणि तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा चांदीच्या छल्ल्यात अडकवून घरची कर्ती बाई कमरेला खोचत असे. वाडे पडू लागले तशा या किल्ल्या भंगारात निघाल्या. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार धुंडाळला, तर त्यांतल्या काही अजून हाती लागतात.

सजावटीत त्यांचे उपयोग अनेक. गडद कापडावर मांडून खोल चौकटीत बसवता येतात, पडद्याच्या दोरीला लावता येतात, दिवाळीच्या तोरणात गुंफता येतात. काही जण त्या वाकवून खुंट्या करतात. पण ओतीव लोखंडाची किल्ली वाकत नाही, तुटते, आणि घडीव असली तरी तिचा मूळ आकार जातो. ते टाळलेलेच बरे. लोखंडाचा गंज रॉकेल आणि तारेच्या ब्रशने काढून, कोरडे पुसून, तेलाचा हलका हात फिरवावा. पितळेला चिंच पुरते. सोनेरी रंग मात्र फासू नये. वापराने आलेली झळाळी त्याखाली झाकली जाते. पितळेत अनेकदा शिसे असते, म्हणून लहान मुलांच्या हाती किल्ल्या देऊ नयेत.

बास्तीलची किल्ली मोलाची ठरली, कारण ती कुठल्या दाराची हे ठाऊक आहे. म्हणून घरातली जुनी किल्ली भिंतीवर लावताना वाड्याचे नाव, गाव आणि ती कुठल्या दाराची हे चिठ्ठीवर लिहून चौकटीमागे चिकटवा. हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे घरात असतील, तर या दिवाळीतच त्यांना विचारून घ्या.