तीनशे यार्डांचं काडतूस

साउथ डकोटाच्या पश्चिमेकडच्या एका रँचमालकांनी प्रेअरी डॉग मारायला कोणतं काडतूस घ्यायचं यावर अख्खा हिवाळा घालवला, असं त्यांच्या जावयानं सांगितलं आणि मी जायचं ठरवलं. प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातला, जेमतेम किलोभर वजनाचा प्राणी. त्याच्यासाठी एवढा खल?

त्यांच्या गॅरेजमध्ये शिरताच वंगणाचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आला. काडतुसं ते स्वतःच भरत होते. वापरलेल्या पुंगळ्या साफ करायच्या, साच्यात दाबून मापात आणायच्या, प्रायमर बसवायचा, दारू भरायची, वर गोळी दाबायची. बाकी सगळं भराभर चालायचं, दारू तोलताना मात्र त्यांचा हात थबकायचा. चिमटीतून एकेक कण पारड्यात पडत होता. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि ते त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजत होते.

‘माझा पल्ला तीनशे यार्ड,’ ते म्हणाले. निवड तिथूनच सुरू झाली होती. २००२ साली बाजारात आलेलं .१७ एचएमआर स्वस्त, आवाजानं लहान. पण ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्याच्या १७ ग्रेनच्या गोळीला दोनशे यार्डांतच फूटभराहून जास्त ढकलतो, आणि डकोटात वारा नाही असा दिवस विरळा. १९३५ चं .२२० स्विफ्ट सेकंदाला ४,००० फुटांच्या वर जातं, पण दुपारभर बार काढले तर नळीचा घसा लवकर झिजतो. .२२-२५० चंही तेच; .२२३ च्या जवळपास दीडपट दारू त्याला लागते. म्हणून .२२३ रेमिंग्टन, गोळी ४० ग्रेनची. तीनशे यार्डांपलीकडे ते चाप ओढत नाहीत. जखमी प्राणी बिळात शिरतो आणि आत तडफडून मरतो, हे त्यांना सहन होत नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला तो इथे.

गोळी मात्र मला अजून छळते. तिचं तांब्याचं आवरण मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, टोकाला प्लास्टिक. लागताक्षणी ती फुटून तिचा चुरा होतो. मरण झटपट येतं, आणि गोळी दगडावरून उसळून शेजाऱ्याच्या गुरांकडे जाण्याचा धोकाही कमी होतो. पण तो चुरा शिशाचा असतो. मेलेले प्राणी गवतातच पडून राहतात. त्यांच्यावर ससाणे, सोनेरी गरुड उतरतात आणि मांसाबरोबर शिसंही गिळतात. सुरक्षित म्हणून निवडलेला गुणच गरुडाच्या पोटात विष होतो.

गुरांचं गवत प्रेअरी डॉग खातात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. तरी याच राज्यातल्या कोनाटा बेसिनमध्ये काळ्या पायांचं फेरेट पुन्हा सोडलं आहे. ते जवळजवळ फक्त प्रेअरी डॉगवर जगतं; नामशेष झालं असं मानलं जात असताना १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये ते पुन्हा सापडलं होतं. ही बिळं माझ्या लेखी नुसता उपद्रव नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग शिशाविना गोळीचा विषय निघाला. शिसं जड, त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी सरळ उडायला नळीत जास्त पीळ लागतो. त्यांच्या जुन्या रायफलीचा पीळ बारा इंचांत एक फेरा. म्हणून त्यांनी हलक्या, शिसं नसलेल्या गोळ्यांचं एक खोकं मागवलंय. शंभर यार्डांवर पाच बार एका इंचात बसले, तर तीनशेवर पाहू, म्हणाले.