उमरेडच्या वाटेने

नागपूरकराला दिवाळीच्या सुटीत सहलीला जायचे म्हटले की पचमढी आठवते, नाहीतर चिखलदरा. दाराशी असलेला उमरेड रस्ता आठवत नाही, कारण त्या वाटेने आपण फक्त लग्नाकार्यालाच गेलेलो असतो. गेल्या वर्षी भाऊबीज आटोपली आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पडलो मास्तर, टाचणाशिवाय तास घ्यायची सवय नाही. उमरेडचे जंगल, पवनी, गोसीखुर्दचे धरण, आंभोरा अशी सात ठिकाणे लिहिली आणि प्रत्येकापुढे मिनिटे टाकली. सौभाग्यवतींनी कागद वाचला आणि विचारले, "ही सहल आहे की निवडणुकीचा दौरा?"

आईने एवढेच विचारले, "भिवापूरच्या टेसनापाशी जरा थांबशील का रे?"

माझ्या सात ठिकाणांत भिवापूर नव्हतेच! ते तिचे माहेर. नागपूरहून उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाणारी छोटी गाडी तिला लग्नानंतर नागपूरला घेऊन आली. रुंद मार्गासाठी ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. मामा कधीच नागपूरला स्थायिक झालेले. तेव्हापासून आई तिकडे गेली नव्हती आणि आम्हीही कोणी विचारले नव्हते.

कागद फाडला. पहिली काट अभयारण्यावर मारली. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झाले. नागझिऱ्याहून चालत आलेल्या जय वाघाने त्याचे नाव दूरवर नेले, आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो वाघ पुन्हा कोणाला दिसला नाही. जंगलाला स्वतंत्र दिवस द्यावा, प्रवेशाची नोंदणी आधी करावी. पावसाळ्यात तर ते बंदच असते. वाटेत तासभर वेळ आहे म्हणून वाघ बघून घेऊ, असे म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

सकाळी सातला दिघोरी सोडली. उमरेडच्या अलीकडेपलीकडे कपाशी, सोयाबीन निघालेली मोकळी रानं, आणि गावाजवळ कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. मुलांना ते खरे डोंगर वाटले. उमरेडला चहा घेतला. एकेकाळी इथल्या कोष्ट्यांच्या रेशीमकाठी धोतरांचे नाव होते, हे मी सांगू लागलो, पण मुलांचे लक्ष भज्यांत होते.

भिवापूरला आई उतरली. जुन्या गाडीचे काही दिसेल अशी तिची समजूत असावी. ती पदर सावरून उभी राहिली, बोटाने हवेत एक रेघ ओढली आणि म्हणाली, "इथून डबा यायचा. तुझे आजोबा त्या बाजूला उभे होते." आजोबा गाडी हलेपर्यंत वर बघत नव्हते, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळले. ती किती वेळ उभी होती, मी घड्याळ पाहिले नाही.

मग बाजारात तिने मिरच्या मागितल्या. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे मी दुकानदाराला ऐकवले. आईने एक मिरची मोडून वास घेतला आणि विचारले, "खरंच इथली, की गुंटूरची?" दुकानदार हसला आणि मागच्या पोत्याकडे वळला.

तिथून पवनी जवळच. लागला की भंडारा जिल्हा. जुनी तटबंदी, देवळे आणि समोर रुंद वैनगंगा. नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी १९६९-७० साली इथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूप सापडला. एरवी मी यावर पाऊण तास बोललो असतो. पण घाटाच्या पायरीवर डबे उघडले होते, आणि कुठल्याशा गावच्या मंडईचा ढोल पाण्यावरून ऐकू येत होता. दिवाळीनंतर या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक उभे राहते. तेव्हा जाणाऱ्याने तारीख गावात विचारून घ्यावी आणि मुक्कामाची तयारी ठेवावी. आमची नव्हती.

धरण राहिले, आंभोराही राहिले. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' आंभोऱ्याला लिहिला की अंबाजोगाईला, हा वाद मी दरवर्षी वर्गात शिकवतो, पण आंभोरा अजून पाहिलेले नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी जायचे ठरले आहे. परतताना गाडीभर मिरचीचा ठसका होता, आणि मागच्या सीटवर आई मुलांना छोट्या गाडीतल्या डब्यांची गंमत सांगत होती.