शाईचे वन : कोरियाची नवी चित्रकला

कोरिया म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना १९५० ते १९५३ चे युद्ध आठवते आणि देशाचे झालेले दोन तुकडे आठवतात. त्या युद्धाच्या आगेमागे तेथील चित्रकारांपुढे एक निराळाच प्रश्न उभा होता, हे मात्र फारसे कोणाच्या कानी आलेले नाही. प्रश्न असा : वाडवडिलांकडून आलेली कला जशीच्या तशी चालवावी तर ती निर्जीव होते, आणि टाकून द्यावी तर आपणच आपल्याला परके होतो, मग करावे काय? हा प्रश्न एकट्या कोरियाचा नव्हे. पारतंत्र्य भोगलेल्या प्रत्येक देशाला तो कधी ना कधी पडलेला आहे. परंतु कोरियात शाईने चित्रे काढणाऱ्यांनी त्याचे जे उत्तर दिले ते ध्यानात घेण्याजोगे आहे, आणि तेच येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या कलेचे साहित्य पाहू. कारण साहित्य कळल्याशिवाय तिचे मर्म कळत नाही. काजळी आणि सरस एकत्र मळून, वाळवून शाईची कांडी करतात. आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी ही कांडी दगडावर पाण्यात उगाळायची. पाणी कमी घातले तर गडद काळा रंग, वाढवत गेले तर धुक्यासारखा फिका करडा. एकाच कांडीतून या साऱ्या छटा निघतात. कुंचला मऊ केसांचा व टोकदार. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हाताने केलेला. त्याला तेथे हान्जी म्हणतात. हा कागद मोठा चिवट असतो आणि शाई टेकताच ती पिऊन टाकतो. तैलरंगाचे चित्र चुकले तर खरवडता येते, त्यावर दुसरा थर देता येतो. येथे ती सोय नाही. ओढलेली रेघ मागे घेता येत नाही. हात कापला तर तो कंप कागदावर राहतो; हात थबकला तर शाई तेथे पसरून डाग पडतो. तेव्हा चित्रातील रेघ ही वस्तूची कड तर असतेच, पण ती काढणाराच्या मनःस्थितीची साक्षही असते.

जोसन राजवटीच्या काळात, म्हणजे १३९२ पासून १९१० पर्यंत, ही कला मुख्यतः दोन हातांत होती : दरबारी चित्रकारांच्या आणि विद्वानांच्या. विद्वान ज्या कुंचल्याने ग्रंथ उतरून घेई, कविता लिही, त्याच कुंचल्याने बांबू आणि ऑर्किड काढी. बांबू ‘रंगवला’ असे न म्हणता ‘लिहिला’ असे म्हणण्याची चाल चिनी परंपरेतून आली होती. या विद्वानांत किम जंग-ही (१७८६–१८५६) यांचे नाव फार मोठे. राजकारणाच्या उलथापालथीत त्यांना जेजू बेटावर हद्दपार करण्यात आले. मित्रमंडळी पांगली, पण दुभाष्याचे काम करणारा एक शिष्य चीनहून ग्रंथ आणून त्यांना पाठवीत राहिला. त्या निष्ठेची पोच म्हणून १८४४ मध्ये त्यांनी एक चित्र काढून दिले. त्याचे नाव ‘सेहानदो’, म्हणजे थंडीच्या दिवसांचे चित्र. एक साधे घर, चार झाडे आणि बाकी सगळा कोरा कागद. कुंचला जवळजवळ कोरडा, रेघा खरखरीत. त्या घराची ठेवण मोजमापाने पाहिली तर धडही नाही. तथापि एकाकीपणा आणि ताठ मान या दोन्ही गोष्टी त्यात अशा उतरल्या आहेत की कोरियाने ते चित्र राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहे. वस्तूचे हुबेहूब रूप दूर सारून तिचा भाव तेवढा ठेवणे, ही गोष्ट म्हणजे कोरियाला पुढे पश्चिमेकडून प्रथमच शिकावी लागली असे नव्हे, हे आपण येथेच टिपून ठेवू.

१९१० मध्ये जपानने देश गिळला. १९२२ पासून सरकारी वार्षिक प्रदर्शन सुरू झाले आणि त्यात ‘पौर्वात्य चित्रकला’ असा एक विभाग झाला. परीक्षकांत जपान्यांचे वजन. साहजिकच त्यांच्या पसंतीची दाट रंगांची, नीटस, शोभिवंत चित्रे पुढे येऊ लागली. १९४५ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्या रंगांवर परक्या सत्तेचा शिक्का बसलेला होता. रंग टाकावे तर हाती काय उरते? शाई. परंतु शाईनेही जुनेच डोंगर, जुनेच बांबू किती वेळा गिरवावे? आणि ते गिरवायचे कशासाठी, तर अवतीभवती जळलेली शहरे, निर्वासितांचे लोंढे आणि रस्त्यावर मांडलेली दुकाने असताना!

या कोंडीतून पहिली वाट काढणाऱ्यांत एक दांपत्य होते. किम कि-चांग यांची श्रवणशक्ती लहानपणीच गेली होती. त्यांच्या पत्नी पाक रे-ह्यन (१९२०–१९७६) या स्वतः तोलाच्या चित्रकार. बाजारात बसलेल्या बायका, टोपल्या, दुकाने हे विषय घेऊन, पाश्चात्त्यांच्या घनवादाप्रमाणे आकार फोडून ते पुन्हा जुळविण्याचा प्रयोग दोघांनी शाई आणि पातळ रंगांत केला. १९५६ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात पाक रे-ह्यन यांच्या ‘रस्त्यावरची दुकाने’ या चित्राला राष्ट्राध्यक्षांचे पारितोषिक मिळाले.

दुसरे पाऊल अधिक धीट होते. सोल येथील राष्ट्रीय विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९६० मध्ये ‘मुंगनिम-ह्वे’ नावाचे मंडळ काढले. नावाचा अर्थ शाईच्या वनाचे मंडळ. १९६४ पर्यंतच ते चालले. पण तेवढ्यात त्याने आपले काम केले. त्याचे अध्वर्यू सो से-ओक (१९२९–२०२०). त्यांनी डोंगर टाकला, बांबू टाकला, घनवाद्यांचे फोडलेले आकारही टाकले. उरले ठिपके आणि रेघा. ओल्या कागदावर पसरणारा एक ठिपका, त्याच्या शेजारी दुसरा, मध्ये मोकळी जागा. एवढ्यावर चित्र उभे राहिले. पुढे अनेक वर्षे त्यांनी ‘माणूस’ हा एकच विषय घेतला. चिनी लिपीत माणसाचे अक्षर अवघ्या दोन फटकाऱ्यांचे असते; एक डावीकडे उतरतो, एक उजवीकडे, आणि दोघे एकमेकांना टेकून उभे राहतात. सो यांची माणसे तशीच आहेत : चार-सहा जाड रेघा, पण त्यात कोणी हात धरून नाचतो आहे, कोणी आई आहे, कोणी मूल. अक्षर कोठे संपले आणि चित्र कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही.

तिसरे उदाहरण ली उंग-नो (१९०४–१९८९) यांचे. विसाव्या वर्षी, १९२४ मध्ये, याच सरकारी प्रदर्शनात त्यांचे बांबूचे शाईचित्र निवडले गेले होते. १९५८ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, ते युरोपात गेले आणि पॅरिसला स्थायिक झाले. तेथे त्यांनी कागद फाडून, चुरगाळून, चिकटवून चित्रे केली; अक्षरांचे अवयव सुटे करून त्यांच्या आकृती मांडल्या; आणि १९६४ मध्ये पौर्वात्य चित्रकलेची शाळा काढून फ्रेंच विद्यार्थ्यांच्या हाती कुंचला दिला. युद्धात दुरावलेल्या मुलाची भेट व्हावी या आशेने ते पूर्व बर्लिनला गेले होते. तेवढ्यावरून १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर खात्याने उत्तरेशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून त्यांना सोलच्या तुरुंगात घातले. शाई नाही, कागद नाही. तेव्हा जेवणातल्या सोयाच्या काळ्या रसाने त्यांनी शौचाच्या कागदावर चित्रे काढली. भाताची शिते आणि वर्तमानपत्राचा कागद मळून मूर्ती केल्या. १९६९ मध्ये ते सुटले. पुढे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लोकशाहीसाठी उठलेल्या नागरिकांवर सैन्याने गोळ्या घातल्या. ती वार्ता पॅरिसला पोचल्यानंतर ली यांच्या कुंचल्यातून माणसांचे थवेच्या थवे उतरू लागले : कागदभर इवली इवली काळी माणसे, धावणारी, हात उंचावणारी, नाचणारी; प्रत्येक माणूस दोन-चार फटकाऱ्यांचा. बांबूचे पान काढण्याची जी हातोटी तरुणपणी कमावली, तीच येथे माणूस होऊन उभी राहिली.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की ही पश्चिमेची नक्कल आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये निराकार चित्रांची लाट उठली; कोरियाच्या तरुणांनी तिची माहिती मिळविली आणि तिच्यापासून धीर घेतला, हे खरेच आहे. परंतु देणेघेणे एकाच बाजूने झालेले नाही. अमेरिकन चित्रकार मार्क टोबी १९३४ मध्ये चीन व जपानला जाऊन कुंचल्याचे वळण अभ्यासून आला होता, आणि त्याच्या चित्रांतील रेघांचे जाळे त्या अभ्यासाचे ऋणी आहे. तेव्हा कोरियाकडे जे आले त्यातले काही पूर्वेचेच, फिरून घरी आलेले होते. दुसरा आक्षेप सामान्य प्रेक्षकाचा : ‘असे तर माझे पोरही काढील!’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्याचे उत्तर पाहण्याच्या रीतीत आहे. ‘हे कशाचे चित्र?’ असे न विचारता रेघ जेथे सुरू झाली तेथे नजर ठेवावी. कुंचला कोठे दाबला, कोठे वेग घेतला, शाई कोठे संपत आली, पाणी कोठे पसरले, हे पाहत शेवटापर्यंत जावे. मग मोकळ्या जागेकडे पाहावे. ती उरलेली नसून ठेवलेली असते. पोराची रेघ आणि साठ वर्षे मुरलेल्या हाताची रेघ यांतला फरक अशा पाहण्यातून आपोआप कळतो. ज्यांनी लहानपणी बोरूने कित्ता गिरवला त्यांना तर तो सांगावाही लागणार नाही.

१९८० च्या दशकात सोंग सु-नाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाईचा पुन्हा जोराने पुरस्कार केला. देजन शहरात ली उंग-नो यांच्या नावाचे संग्रहालय २००७ मध्ये उभे राहिले. ज्या राष्ट्राने त्यांना कोठडीत टाकले त्याच राष्ट्राने त्यांची चित्रे भिंतीवर लावली, यात काळाचा न्याय आहे.

या सर्वांतून आम्हांला एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. परंपरेचे दोन भाग असतात : काय काढायचे, आणि कसे काढायचे. कोरियाच्या या चित्रकारांनी पहिला भाग सोडला. दुसरा प्राणपणाने धरून ठेवला. बांबू गेला, पण बांबू काढणारा हात राहिला. जेजू बेटावरचे चार झाडांचे चित्र आणि ली यांचे माणसांचे थवे यांत जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर आहे. दोन्हींतील रेघ मात्र एकाच कुळातली आहे. वारसा जपणे म्हणजे काय, हा प्रश्न जेव्हा आपल्यापुढे येईल, तेव्हा शाईच्या या वनाची आठवण अवश्य ठेवावी.