हिरड्यांची सूज आणि हृदय

हिरड्या ठणकल्या की आपण मशेरी लावतो आणि कामाला लागतो. पण ही सूज तोंडापुरतीच राहते का?

रक्तवाहिनीत आतून चरबीचा थर साचतो, ती कडक आणि अरुंद होते. अशा थरात तोंडातले जंतू सापडले आहेत. जुन्या सुजेमुळे थर वाढत असावा. पण जंतूच मूळ कारण, हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत सुमारे ४००० हृदयरुग्णांना वर्षभर जंतुनाशक गोळ्या दिल्या, तरी झटके कमी झाले नाहीत. हे २००५ साली प्रसिद्ध झालं.

म्हणून मनाने गोळ्या नकोत. मशेरी मात्र सोडूया. तंबाखू हिरड्या आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवते. बीपी, साखर तपासून घेऊया. छातीत दुखलं तर स्वयंपाक राहू दे, १०८ला फोन करूया.