भाजल्यावर काय लावावं?

दिवाळीच्या फराळाचे दिवस आले, की दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाचा तरी हात कढईतल्या तेलानं भाजतो. मी निवृत्त परिचारिका, म्हणून माणसं आधी माझ्याकडे येतात. तोवर जखमेवर हळद किंवा टूथपेस्ट थापून झालेली असते. ती खरवडून काढताना पोरं कळवळतात. कळकळीनं सांगते, आधी 20 मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. बर्फ नको. सूज यायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढा. मग स्वच्छ कापड आणि दवाखाना.

मलमाची पाळी त्यानंतर. खोल भाजलं की तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडतात. गोळ्या-इंजेक्शनांचं औषध त्या मेलेल्या कातडीपर्यंत पोचतच नाही आणि जंतू नेमके तिथंच पोसतात. म्हणून जंतुनाशक वरूनच लावावं लागतं. 1968 मध्ये अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फा यांच्या संयुगातून सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. वॉर्डात 1 टक्क्याचं हे पांढरं मलम आम्ही वर्षानुवर्षं लावलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की जखमेवर पिवळट-करडा थर दिसतो आणि नातेवाईक पू समजून घाबरतात. बहुधा ते मलम आणि जखमेतला स्राव यांचं मिश्रण असतं. ते हळुवार धुऊनच नवा थर द्यायचा. हिरवट पू, दुर्गंधी, ताप किंवा पसरणारी लाली दिसली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जावं.

या मलमानं जखम भरायला वेळ लागू शकतो. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना, दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना आणि दिवस भरत आलेल्या गर्भवतींना ते चालत नाही.

म्हणून या मलमाला पर्यायही तपासले गेले. सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 रुग्णांवर मध आणि हे मलम यांची तुलना प्रसिद्ध केली. जंतू सापडलेल्या जखमांपैकी मध लावलेल्या 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्याचं त्यांनी नोंदवलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. ती जखमेला चिकटत नाही आणि स्वस्त पडते. पण ते पान निर्जंतुक केलेलं असतं आणि उपचारासाठीचा मधही तसाच लागतो. घरातली वस्तू औषध ठरते ती अशी शुद्ध करून, पारखून. स्वयंपाकघरातली बरणी उघडून जखमेवर ओतू नका.

तळहातापेक्षा मोठी जखम असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर घरी थांबूच नका. दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनाचंही आठवणीनं विचारा.